बत्तीस कुंड्या, एक तांब्या

पहाटे ४.५०

एप्रिल संपत आला की लातुरात गारवा उरतो तो एवढाच, पहाटे चार ते सहा. रात्रभर उघड्या ठेवलेल्या खिडक्या ऊन वर यायच्या आत लावून घ्याव्या लागतात, म्हणून गजर न लावताच जाग येते. आधी माझ्याकडं राहून शिकणाऱ्या मुलींच्या खोलीकडं नजर टाकते. दिवा लागलेला आहे. रविवारी 'नीट'ची परीक्षा आहे; आठपैकी पाच जणी एवढ्या अंधारात पुस्तकं उघडून बसल्या आहेत. त्यांना न बोलता मी उत्तरेच्या खिडकीतल्या मांडणीपाशी येते.

कडप्प्याच्या तीन फळ्या, तीन-तीन इंची बत्तीस कुंड्या आणि त्यांत बेगोनिया. रोपवाटिकेत बेगोनिया म्हणून लाल-गुलाबी फुलांची जी रोपं देतात, ती ही नव्हेत. ही पानांसाठी लावायची. आल्यासारखं आडवं खोड मातीवरून सरपटत जातं आणि त्यातून एकेक देठ वर निघतो. त्यातही माझ्याकडं आहेत त्या बुटक्या संकरित जाती. पुरं वाढलेलं झाड तळहातात मावतं आणि पान दहा रुपयांच्या नाण्याएवढं असतं. सगळ्यात जुन्या झाडाचं पान फिकट पोपटी आहे. काठाला गोधडीच्या धावत्या टाक्यासारखे तपकिरी ठिपके, आणि त्या काठावर पापण्यांसारखे पांढरे केस. टॉर्च मारला की आधी ते केस चमकतात, पान मागाहून दिसतं.

भिंतीवर तीनशे रुपयांचा मापक टांगलाय. तापमान २७, आर्द्रता ३८ टक्के. मोकळ्या हवेतला दिवसातला सगळ्यात चांगला आकडा हाच.

५.२०

पाणी. पण आधी प्रत्येक कुंडी उचलायची. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी घातलं की फसगत होते. खाली ओल असतेच. बोटांना वजन कळायला मला वर्ष लागलं. तहानलेली कुंडी रिकाम्या काडेपेटीसारखी हलकी लागते, पाणी असलेली हाताला ओढते. आज बत्तीसांतल्या अकरा हलक्या निघाल्या.

माप म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण ठेवलंय. कुंडीला तीन टोपणं, तीही कडेकडेनं, आडव्या खोडावर थेंब पडू न देता. खोडाच्या खाचेत पाणी साचलं आणि वारा नसला की चार दिवसांत कूज लागते. तीन दिवसांत सगळ्या कुंड्यांची पाळी होते, आणि तेवढ्यात संपतो एक तांब्या.

त्या तांब्यातलं पाणी शेजारच्यांच्या एसीचं आहे. आमच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो. तोच थर कुंडीच्या काठावर बसला की पानांची टोकं करपतात. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर त्याहून खारट, ते मी फरशीलाच वापरते. एसीच्या नळीतून गळणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ गार होऊन ठिबकलेली, तिच्यात क्षार जवळजवळ नसतात. शेजारीण बादली भरली की भिंतीवरून हाक मारते. तिला वाटतं मी त्या पाण्यानं धुणं धुते.

६.४५

सोळा वाट्या पोहे, आठ कप चहा. ओट्यापाशी अर्धापूरची मुलगी येऊन उभी राहिली. तिचा नंबर नांदेडच्या केंद्रावर आलाय, उद्या सकाळच्या एसटीनं ती घरी निघेल.

"काकू, माझ्या झाडाला आज पाणी?"

"नाही. उद्या प्रवास आहे त्याला."

ती हसली. आठ महिन्यांपूर्वी हेच उत्तर मिळालं असतं तर तिनं मला कंजूष ठरवलं असतं.

८.१५

मुली क्लासला गेल्या की रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन बसते. या पानांना पाण्यानं पुसलेलं चालत नाही. केसाळ पानावर थेंब अडकतो आणि डाग पडतो. एका हाताचा आधार देऊन धूळ झटकायची, पान उलटून बघायचं. देठाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तिथंच टिपायचा. आज एकच सापडला.

माघ-फाल्गुनात येणाऱ्या फुलांचा शेवटचा तुरा अजून टिकून आहे. एकाच तुऱ्यात नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फूल ओळखणं सोपं आहे, पाकळ्यांच्या मागं तीन पंखांचं हिरवं बोंड असतं. मुलींनी पुस्तकात 'मोनोशियस' हा शब्द घोकलेला होता, उदाहरण म्हणून नारळ आणि काकडी. गेल्या महिन्यात आठही जणी या तुऱ्यापुढं ओणव्या होऊन पंख मोजत होत्या.

अर्धापूरची मुलगी जूनमध्ये आली तेव्हा मांडणीपुढं उभं राहून पहिलं वाक्य बोलली ते असं: "हे तर हळदीचं गड्डं की." चूक नव्हती. तिच्या घरी हळद असते. आडव्या खोडावर बोट फिरवून तिनं दाखवलं, हा जेठा गड्डा, ही बाजूनं फुटलेली हळकुंडं. मला तिचं कौतुक वाटलं. पुढचं मात्र लक्षात आलं नाही.

ऑगस्टमध्ये मी चार दिवस लग्नाला गेले. मागं तिनं बघितलं की माझ्या एका जुन्या झाडाचं खोड मातीवर उघडं पडलंय. हळदीचा कंद उघडा पडला तर शेतकरी गप्प बसत नाही, तो भरणी करतो, माती चढवून कंद झाकतो. तिनंही अंगणातली काळी माती आणली, खोड नीट झाकलं आणि वर पेलाभर पाणी ओतलं. पैनगंगेच्या कालव्याच्या भागातली पोर. तिच्याकडं माया पाण्यानंच करतात. हळद मातीखाली वाढते, ह्या झाडाला मात्र खोड उघड्यावरच हवं असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आले तेव्हा काळी माती भिजून चिखल आणि सुकून ढेकूळ झाली होती, खोड बोटानं दाबलं की पिचत होतं, वास येत होता.

मी बोलले तिला. नको तितकं बोलले. संध्याकाळी ती न जेवता बसली, तेव्हा तिला घेऊन तेच झाड उपटलं आणि दोघींनी मिळून धड असलेली दोन पानं काढली. एक सडलं, एक जगलं. उद्या अर्धापूरला जाणार आहे ते त्या पानाचं झाड.

१०.३०

गंजगोलाईत भाजी आणि किराणा. १९१७ साली वसलेली ही बाजारपेठ. मध्ये गोल इमारत आणि तिच्याभोवती सोळा रस्ते. ऊन वर आलं की यातला सावलीचा रस्ता कोणता हे लातूरकराला घड्याळ न बघता कळतं. वाटेत कृषी सेवा केंद्रात शिरले.

"एकोणीस-एकोणीस द्या."

"किती एकरला, ताई?"

"एकर नाही. कुंड्या आहेत, बत्तीस."

दुकानदारानं हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "म्हंजे पीक कोणतं?"

"पानाचं झाड आहे. लिटरला चिमूटभर, पंधरा दिवसांतून एकदा."

"पाकीट किलोचं येतंय."

हिशेब मी रस्त्यानं येता येता केला. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्याला एक लिटर. किलोभर खत मला पंचाहत्तर वर्षं पुरेल. निम्मं शेजारणीच्या लिंबाला, उरलेलं डब्यात. जास्त खत घातलं तर ही झाडं फोफावत नाहीत. मुळं करपतात आणि पान मोठं झालं तरी काठाची नक्षी फिकी पडते.

निघताना दुकानदारानं विचारलं, "भुरी येत असंल की ह्याला?" द्राक्षाच्या बागेनं शिकवलेला प्रश्न, आणि अगदी बरोबर. हिवाळ्यात गार, कोंदट हवेत पानांवर पिठूळ भुरी येते. माझा उपाय बिनऔषधाचा: कुंड्या एकमेकींपासून चार बोटं लांब आणि पंखा एकवर.

१२.४५

खिडक्या बंद, पडदे ओढलेले. कूलर सुरू. मराठवाड्यात बेगोनिया कसे जगतात याचं अर्धं उत्तर कूलरमध्ये आहे. एसी हवा गार करताना तिच्यातली ओल काढून घेतो, कूलर ती ओल घालतो. बाहेर या वेळी आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या खाली असते; कूलरच्या खोलीत माझा मापक ४५ दाखवतो. पण झोत सरळ पानावर आला तर काठ दोन दिवसांत कुरकुरीत होतो. म्हणून कूलरचं तोंड समोरच्या भिंतीकडं केलंय, भिंतीवर आपटून येणारी हवा मांडणीला मिळते. जेवायला आलेल्या मुली विचारतात, काकू, हवा आम्हाला का झाडांना?

२.१०

नांदेडहून धाकट्या बहिणीचा फोन. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, आम्ही बालाघाटच्या पठारावर. आमच्याकडं एकेचाळीस असलं की तिच्याकडं त्रेचाळीस ठरलेलं.

"अक्का, तू दिलेलं ते वाघाच्या पंज्यासारखं झाड मान टाकायलंय गं. रोज पाणी टाकते की मी."

"कुंडी उचल."

"काय?"

"हातात घे, उचल. हलकी का जड?"

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "जड हाय."

"मग तहान कुणाला लागलीय?"

मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून ते तहानलेल्यासारखंच लोळतं. बघणारी आणखी पाणी ओतते आणि ते मरतं. मी तिला सांगितलं, झाड कुंडीतून काढ, ओला गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून तासभर ठेव. खोड धुवून कापत जा, कापलेला भाग आतून स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत. तिथं चिमूट हळद लाव. मग कोरडसर कोकोपीटमध्ये, अर्धं वर ठेवून बसव आणि तीन दिवस त्याच्याकडं बघूसुद्धा नको.

"बघू पण नको?"

"तू बघितलंस की पाणी घालतेस."

३.४०

वीज गेली. कूलर थांबला, आणि वीस मिनिटांत मापक ४५ वरून २६ वर आला. अशा वेळी वरच्या फळीवरची नाजूक सहा झाडं मी स्वयंपाकघरात माठापाशी नेते. हे शिकायला पुस्तक लागलं नाही. २०१९ च्या मे महिन्यात एक कुंडी चुकून माठाच्या तिवईखाली राहिली होती. वरच्या सगळ्यांची टोकं करपली, ती एकटी ताजी. माठ झिरपतो, झिरपलेलं पाणी उडून जाताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. तिवईखाली परातीत वाळू असते, ती दिवसभर दमट. वाळूवर शहाबादीचा तुकडा ठेवायचा, त्यावर कुंड्या, म्हणजे बूड ओलं होत नाही आणि वरची हवा मिळते. मापक तिथं टेकवला तर साठच्या घरात जातो. घरातली सगळ्यात चांगली जागा आजीनं कधीच शोधून ठेवली होती, तिनं तिथं लोणी ठेवलं एवढंच.

साडेचारला वीज आली. झाडं परत.

५.००

चहानंतरचा अर्धा तास माझा. टेबलावर वर्तमानपत्र, नवं ब्लेड, पाणीपुरीच्या द्रोणाएवढे प्लास्टिकचे पाच कप, तळाला भोकं पाडलेले. जूनमध्ये नव्या मुली येतात, त्यांच्यासाठी पानं लावायची.

पान फार कोवळं नको, फार जून नको. देठ बोटाच्या पेरभर ठेवून कापला. पान उजेडापुढं धरलं की देठाच्या टोकापासून शिरा बोटांसारख्या पसरलेल्या दिसतात. दोन्ही बाजू कधीच सारख्या नसतात, एक गाल फुगलेला, एक बसलेला. ही वाकडी पानं बेगोनियाच्या घराण्याची खूण. कोकोपीट दोन भाग, परलाइट एक, चाळलेलं पानखत एक, थोडे कोळशाचे तुकडे. कोकोपीट आधी तीन पाण्यांत धुतलेलं, त्यातलं मीठ जावं म्हणून. देठ तिरका खोचायचा, पान मातीला टेकलं न टेकलं असं. कप झाकणाच्या पारदर्शक डब्यात. अडीच-तीन आठवड्यांत मुळं, दोन महिन्यांच्या आसपास देठाच्या बुडाशी मोहरीएवढं पान. ते पहिलं पान दिसतं तेव्हा त्यालाही वाकडा गाल असतो.

हे संकर बियांतून तसेच्या तसे येत नाहीत. म्हणून जे झाड जगात टिकलं ते कुणी ना कुणी त्याचं पान किंवा तुकडा दुसऱ्याला दिला म्हणूनच. बर्लिनमध्ये १८४५ साली निघालेला 'एरिथ्रोफिला' हा आडव्या खोडाचा संकर आजही घराघरांत आहे, असाच हातोहात आलेला. माझ्या पापण्यांच्या झाडाचं कूळ दक्षिण मेक्सिकोतलं. त्या मूळ जातीला कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ झिझेनहेन यांनी १९५० मध्ये 'बोवेरी' हे नाव दिलं, आणि आजच्या कितीतरी बुटक्या संकरांत तिचं रक्त आहे. रंगीत पानांच्या 'रेक्स' बेगोनियाचं माहेर तर आपलं आसाम. सह्याद्रीतही रानबेगोनिया आहेत. पावसाळ्यात ओल्या कातळाला चिकटून पांढरी-गुलाबी फुलं काढतात आणि पाऊस सरला की जमिनीतल्या गाठीत परत जातात. मराठवाड्याच्या वाट्याला एवढा पाऊस नाही, म्हणून इथं बेगोनियाला घर लागतं.

कुंडीसाठी मी एकदा संक्रांतीची सुगडं वापरून बघितली होती. बुडाला भोक पाडून छान दिसत होती. पण ह्या खोडाला खोली लागत नाही, रुंदी लागते. वर्षभरात ते सुगडाच्या तोंडाशी येऊन अडलं आणि काढायला सुगड फोडावं लागलं. तेव्हापासून पसरट, उथळ कुंड्याच.

७.१०

नळाची पाळी. गल्लीत मोटारींचा आवाज एकदम सुरू झाला. टाकी, पिंप, हंडे, घागरी, शेवटी पातेली. भरून झाल्यावरही लातूरकर नळ बंद करत नाही, आणखी एखादं भांडं आठवतं का बघतो.

ही सवय आम्हाला २०१६ नं लावली. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वर्षी माझ्या अंगणातली जास्वंद, मोगरा, लिंब सगळं गेलं. अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला, झाडांपर्यंत काही पोचत नव्हतं. खिडकीतल्या एका डब्यात पुण्याहून आणलेला बेगोनियाचा तुकडा तेवढा होता. त्याला मी तीन दिवसांनी तीन टोपणं पाणी देत होते, तेही कुणी बघत नसताना, कारण घरात पिण्याचं पाणी मोजून होतं. तो जगला. जूनमध्ये त्याला नवं पान आलं तेव्हा मला कळलं की मी त्याला कमी देत नव्हते. त्याला हवं होतं तेवढंच मी देत होते. अंगणात परत काही लावलं नाही. मांडणी वाढली.

९.००

जेवणं झाली. अर्धापूरच्या मुलीची बॅग दाराशी. झाड बांधायला बसलो. कुंडी कालपासून कोरडी ठेवली होती ती यासाठी. ओल्या मातीचं झाड उन्हाच्या एसटीत पाच तास डब्यात राहिलं तर वाफेत शिजतं. पानांच्या खाली मऊ कागदाची गुंडाळी, कुंडीभोवती जुन्या ओढणीचं वेटोळं, आणि सगळं श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात. झाकण सकाळी, निघताना.

"घरी कुठं ठेवशील?"

तिनं विचार केला. "ओसरीत रांजण हाय. आजी त्याला गोणपाट गुंडाळून ओलं करती."

"उजेड?"

"उत्तरेला दार."

माझ्याकडं सांगण्यासारखं फारसं उरलं नाही. तरी म्हटलं, गोणपाटाचं पाणी पानांवर पडू देऊ नको.

"नाही पडू देत. अन् बाबांना आधीच सांगून ठेवते," ती डब्यात वाकून म्हणाली, "नाहीतर ते भरणी करतील."

१०.४०

खिडक्या उघडल्या. तापमान ३२, आर्द्रता २४, चढेल. खोलीतला दिवा अजून चालू आहे. डबा दाराशी, झाकण उघडं. उद्या एकतीस उचलायच्या.